‘एन्करेज’ हा शब्द नीट वापरायचा कसा: मराठी मीडियममधून आलेल्यांसाठी

एसएसएलसी, म्हणजे दहावी, मराठीतून केलेली पोरं पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, बेळगावात येतात, कुणी डिप्लोमाला जातं, कुणी आयटीआय करून उद्यमबागच्या कारखान्यांत इंटरव्ह्यू द्यायला उभं राहतं, आणि सगळ्यांच्या पुढ्यात पहिला प्रश्न तोच येतो, टेल मी अबाउट युवरसेल्फ. नाव, गाव, शिक्षण इथपर्यंत पाठ असतंय. पुढं मनातलं सांगायची वेळ येते, की माझी आई शिक म्हणून पाठीशी उभी राहिली, सरांनी धीर दिला, मामा म्हणाले भर की फॉर्म, होऊ दे काय व्हायचं ते, आणि तिथंच अडतं. खरं बघितलं तर ह्या तिन्ही वाक्यांना इंग्रजीत एकच क्रियापद पुरतं, एन्करेज. शब्द सगळ्यांनी ऐकलेला असतोय, अर्थ विचारला तर प्रोत्साहन देणे म्हणून लगेच सांगतात, पण वाक्यात घालायला गेलं की कुठंतरी टू जास्त होतो नाहीतर फॉर घुसतो.

म्हणून इथं हा एकच शब्द घेऊन पायरी पायरीनं जाऊया. एका शब्दावर एवढा वेळ कशाला असं वाटेल, पण अलाव, अॅडव्हाइज, इन्व्हाइट, रिमाइंड, रिक्वेस्ट ही रोज लागणारी क्रियापदं ह्याच साच्यात बसतात, त्यामुळं हे एक पक्कं झालं की ती फुकटात मिळतात.

पायरी १: आधी तोंडात बसवा

स्पेलिंग आहे ई, एन, सी, ओ, यू, आर, ए, जी, ई. मधला यू बहुतेकांचा लिहिताना सुटतो, तेवढा जपा. पहिली दोन अक्षरं बाजूला काढली तर राहतो तो करेज, म्हणजे धैर्य. पुढं लावलेल्या ई-एनचा अर्थ तसं करणं, त्यात घालणं. एनेबल, एन्लार्ज, एन्रिच ह्या शब्दांत पण तेच ई-एन आहे. म्हणजे एन्करेज करणं म्हणजे समोरच्यात धैर्य घालणं. करेज हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला कॉर आहे, कॉर म्हणजे हृदय. आपण धाडसी माणसाला वाघाचं काळीज म्हणतो, आपले कानडी शेजारी गट्टि गुंडिगे म्हणतात, तिथंही हृदयच आलं, त्यामुळं हा अर्थ लक्षात ठेवायला सीमाभागातल्या माणसाला काही जड जाऊ नये.

आता उच्चार. आपण सगळे लिहिताना एन्करेज लिहितो आणि ह्या लेखात पण मी तसंच लिहिणार आहे, पण बोलताना तो ‘इन-क-रिज’ असा येतो, जोर ‘क’ वर, शेवट झटक्यात. ‘रेज’ असं लांबवायचं नाही. व्हिलेजचा व्हिलिज होतो, लँग्वेजचा लँग्विज होतो, मॅरेजचा मॅरिज होतो, तीच चाल इथं. भूतकाळात शेवटी फक्त एक हलका ‘ड’ लागतो, इन-क-रिज्ड. ‘एन्करेजेड’ असं चौथं अक्षर काढू नका, ते लगेच कानाला लागतं. आरशासमोर उभं राहून चार-पाच वेळा मोठ्यानं म्हणा, घरात कुणी हसलं तर हसू दे.

पायरी २: कुणाला, ते लगेच पुढं आणि मधे काही नाही

सगळ्यात जास्त चूक इथं होते आणि तिचं कारण आपल्या भाषेत आहे, त्यामुळं जरा थांबून बघूया. मराठीत आपण म्हणतो ‘सरांनी मला प्रोत्साहन दिलं’. त्या ‘मला’तला ‘ला’ डोक्यात टू होऊन बसलेला असतोय, म्हणून तोंडातून येतं ‘सर एन्करेज्ड टू मी’. कानडीत विचार करणाऱ्याचं पण तसंच होतं, ‘ननगे प्रोत्साह कोट्टरु’ मधला ‘गे’ पण त्याच जागी टू आणून ठेवतो. दोन भाषा येणाऱ्या आपल्या पोरांना दोन्हीकडून एकच ढकल बसते. इंग्रजीत ह्या क्रियापदानंतर माणूस थेट येतो. एन्करेज्ड मी. एन्करेज्ड हर. एन्करेज्ड माय सिस्टर. मधे काही नको.

दुसरी गोष्ट. मराठीत ‘कुणाला’ गाळलं तरी चालतं. ‘बाबांनी शिकायला प्रोत्साहन दिलं’ म्हटलं की मलाच दिलं हे ऐकणाऱ्याला समजतंय. इंग्रजीत हे वाक्य तसंच नेलं तर ‘माय फादर एन्करेज्ड टू स्टडी’ होतं आणि ते अर्धवट आहे, एन्करेज्ड हूम, असं समोरचा विचारणार. म्हणून मनात शिस्त लावून घ्या, एन्करेज म्हटलं की लगेच माणूस.

तिसरी, ‘ही गेव्ह मी एन्करेज’. हे पण खूप ऐकू येतं, कारण आपण प्रोत्साहन ‘देतो’. पण एन्करेजमध्ये देणं आधीच आलेलं आहे, वेगळं गेव्ह लावायचं नाही. गेव्हच वापरायचं असेल तर पुढं नाम पाहिजे, ‘ही गेव्ह मी एन्करेजमेंट’.

एवढ्यावर पहिला अर्थ पूर्ण होतो, धीर देणं, हुरूप वाढवणं. माय टीचर्स एन्करेज्ड मी. माय मदर ऑलवेज एन्करेजेस मी. कशात धीर दिला ते सांगायचं असेल तर ‘इन’ घ्या, माय अंकल एन्करेज्ड मी इन माय स्टडीज. कशानं दिला ते सांगायचं असेल तर ‘विथ’, शी एन्करेज्ड मी विथ काइंड वर्ड्स.

पायरी ३: काय करायला, तिथं टू

आता तो टू आपण मघाशी बाहेर काढला ना, त्याची खरी जागा ही. माणूस आला की त्याच्या पुढं टू आणि त्याच्या पुढं क्रियापद मूळ रूपात. मराठीतला ‘आयला’ बघा, शिकायला, बोलायला, पळायला, अर्ज करायला. प्रत्येक ‘आयला’च्या जागी टू ठेवायचा. शिकायला म्हणजे टू स्टडी, बोलायला म्हणजे टू स्पीक, अर्ज करायला म्हणजे टू अप्लाय. ‘मला’साठी टू नाही, ‘शिकायला’साठी टू आहे, हे एवढं डोक्यात बसलं की अर्धी लढाई झाली.

माय टीचर एन्करेज्ड मी टू स्पीक.
माय पेरेंट्स एन्करेज्ड माय सिस्टर टू जॉइन द पोलीस.
आवर कोच एन्करेजेस अस टू रन एव्हरी मॉर्निंग.

अभ्यासाला इतिहासातलं एक वाक्य घ्या, आपल्याच गावचं. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन झालं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि काँग्रेसच्या अध्यक्षपदी ते बसले ते ह्या एकाच अधिवेशनात. सूत कातायला ते लोकांना सांगत. इंग्रजीत, गांधीजी एन्करेज्ड पीपल टू स्पिन. कोण, एन्करेज्ड, कुणाला, टू, काय करायला, सगळं ओळीनं आलं बघा.

इथं होणाऱ्या चुका पटकन सांगतो. ‘फॉर स्पीकिंग’ नको, मराठीतल्या ‘बोलण्यासाठी’वरून तो फॉर येतो आणि तो सोडून द्यायचा. ‘टू स्पोक’ नको, भूतकाळ एन्करेज्डमध्ये येऊन गेला, पुढचं क्रियापद मूळच ठेवायचं. ‘एन्करेज्ड मी दॅट आय शुड स्पीक’ हे पण नको, दॅट लावलेलं ह्या क्रियापदाला चालत नाही. आणि ‘नको करू’ असं सांगायचं असेल तर नॉट हा टूच्या आधी, शी एन्करेज्ड मी नॉट टू गिव्ह अप.

काळाबद्दल एक. ‘माय फादर इज एन्करेजिंग मी’ असं आपल्याकडं सर्रास म्हणतात, म्हणायचं असतं की बाबा नेहमी पाठिंबा देतात. नेहमीची गोष्ट असली की साधा वर्तमानकाळ बरा, माय फादर एन्करेजेस मी. लहानपणापासून आजपर्यंत देत आलेत असं सांगायचं असेल तर त्याहून छान वाक्य आहे, माय फादर हॅज ऑलवेज एन्करेज्ड मी टू स्टडी. इंटरव्ह्यूला हे वाक्य पाठ असू दे, कुठंही चालतं.

पायरी ४: ह्या शब्दाची ताकद किती, ते ओळखा

मला विचाराल तर ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आणि वर्गात ह्याच्यावर कमी वेळ जातो.

‘शी एन्करेज्ड मी टू अप्लाय’ म्हटलं तर त्यातून मी अर्ज केला का नाही ते कळत नाही. तिनं बळ दिलं एवढंच कळतं. एन्करेजमध्ये काम दुसऱ्याचं राहतं, करायचं का नाही हे त्याच्याच हातात राहतं. म्हणून मी पुढं केलं असेल तर ते वेगळं सांगायला लागतं, शी एन्करेज्ड मी टू अप्लाय, अँड आय गॉट द जॉब. आता त्याच जागी दुसरी क्रियापदं ठेवून बघा. ‘शी पर्स्वेडेड मी टू अप्लाय’ म्हणजे मी आधी तयार नव्हतो, तिनं समजावून तयार केलं आणि मी तयार झालो. ‘शी फोर्स्ड मी टू अप्लाय’ म्हणजे जबरदस्ती, माझं काही चाललं नाही. ‘शी मेड मी अप्लाय’ म्हणजे करायला लावलं, आणि बघा मेडच्या पुढं टू नाही. ‘शी अॅडव्हाइज्ड मी टू अप्लाय’ म्हणजे सल्ला दिला, त्यात माया असेलच असं नाही. ‘शी अर्ज्ड मी टू अप्लाय’ म्हणजे कळकळीनं, घाई लावून सांगितलं. डॉक्टर पेशंटला दारू सोड म्हणून सांगतात तिथं अर्ज्ड शोभतं, द डॉक्टर अर्ज्ड हिम टू स्टॉप ड्रिंकिंग, कारण तिथं उशीर परवडणारा नसतोय.

हे कशासाठी सांगतोय, तर घरातल्या माणसांबद्दल बोलताना आपण चुकीचं क्रियापद वापरतो आणि त्यांच्यावर अन्याय होतो. एखादी पोरगी सांगते ‘माय फादर फोर्स्ड मी टू टेक सायन्स’. तिला म्हणायचं असतंय की बाबा मागं लागले, फी भरतो म्हणाले, सोडू नकोस म्हणाले. ऐकणारा समजतो जबरदस्ती केली. तिथं एन्करेज्ड म्हटलं की बाप खरा जसा आहे तसा उभा राहतो. आणि उलटं पण आहे, खरंच जबरदस्ती झाली असेल तर एन्करेज्ड म्हणून झाकू नका, फोर्स्डच म्हणा.

पायरी ५: माणूस नसला तरी चालतो

पीयूसीच्या पॅसेजमध्ये, इंग्रजी पेपरमध्ये एन्करेज वेगळ्याच जागी दिसतो आणि तिथं प्रोत्साहन हा अर्थ लावला की वाक्य विचित्र होतं. कूल, वेट वेदर एन्करेजेस ब्लाइट. आता हवा करप्याला प्रोत्साहन कशी देणार? इथं अर्थ असा की तसं होण्याची शक्यता वाढवणं, वाढीला वाव देणं. बटाटा लावणाऱ्याला हे समजावून सांगायलाच नको, ढगाळ गार हवा पडली, पानं ओली राहिली की करपा धरतोच. तुरीचा शेंडा खुडला की बाजूनं फुटवे येतात, तिथं पण हेच क्रियापद, निपिंग द टॉप एन्करेजेस ब्रँचिंग. साचलेल्या पाण्याचं म्हणाल तर स्टॅग्नंट वॉटर एन्करेजेस मॉस्किटोज टू ब्रीड.

म्हणजे करणारा माणूसच पाहिजे असं नाही, आणि होणारी गोष्ट चांगलीच पाहिजे असंही नाही. हे दुसरं जास्त लक्षात ठेवा. प्रोत्साहन हा शब्द मराठीत चांगल्या कामालाच लागतो, वाईटाला आपण खतपाणी घालणं म्हणतो. इंग्रजीत दोन्हीला एन्करेज चालतो. सायलेन्स एन्करेजेस रॅगिंग, म्हणजे गप्प बसल्यानं रॅगिंगला खतपाणी मिळतं. ईझी लोन्स एन्करेज पीपल टू स्पेंड, कर्ज सहज मिळालं की लोक खर्च करतात. डोन्ट एन्करेज हिम असं कुणी म्हणालं तर त्याचा अर्थ त्याला चढवू नको, हसू नको त्याच्या चाळ्यांना. मराठीतून भाषांतर करताना दर वेळी वेगळा शब्द निवडायचा, धीर देणं, हुरूप आणणं, पाठ थोपटणं, वाव देणं, खतपाणी घालणं, फूस लावणं, जसा प्रसंग तसा. कानडीत पण बेन्नु तट्टु म्हणजे पाठ थोपटणं आहेच, त्यामुळं कानडी मित्राला समजावताना तोच वाक्प्रचार घ्या, लगेच पोचतो.

ह्या अर्थात पुढं थेट नाम नाहीतर आयएनजी लावलेलं रूप येतं. द लायब्ररी एन्करेजेस रीडिंग. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, त्याच्याबद्दल निबंध लिहायला आला तर हे वाक्य तयार ठेवा. माणूस मधे आणला तर परत टू येणार, द लायब्ररी एन्करेजेस चिल्ड्रन टू रीड. माणूस नसेल तर रीडिंग, माणूस असेल तर टू रीड.

डेअरीला दूध घालणाऱ्यांच्या घरची पोरं एक शंका हमखास विचारतात. सरकारकडून लिटरमागं जे प्रोत्साहन धन मिळतं, कानडीत प्रोत्साह धन, त्याला इंग्रजीत एन्करेजमेंट मनी म्हणायचं का? नाही. त्याला इन्सेंटिव्ह म्हणतात. पैसे देऊन ओढ लावली की इन्सेंटिव्ह, शब्दानं पाठीशी राहिलं की एन्करेजमेंट. ‘द इन्सेंटिव्ह एन्करेजेस फार्मर्स टू कीप काऊज’ असं दोन्ही एका वाक्यात पण बसतात.

पायरी ६: नोटीस आणि मेलमधला एन्करेज

नोकरीला लागलात की हा शब्द मेलमध्ये भेटणार आणि तिथं तो जरा वेगळं बोलतो. जाहिरातीत ‘विमेन आर एन्करेज्ड टू अप्लाय’ असं असतं, म्हणजे महिलांनी जरूर अर्ज करावा, आम्हाला त्या पाहिजेत, पण बाकीच्यांना बंदी नाही. पुष्कळ पोरं वाचतात आणि फक्त महिलांसाठी जागा आहे समजून सोडून देतात. असं करू नका, भरा फॉर्म.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘ऑल एम्प्लॉइज आर एन्करेज्ड टू अटेंड’ असं आलं की कागदावर सक्ती नाही. सक्ती असती तर मस्ट अटेंड नाहीतर रिक्वायर्ड टू अटेंड लिहिलं असतं. पण नवीन माणसानं जावं, कारण वरच्यांना लोक यायला पाहिजे आहेत हे त्यातून कळतंच. आणि पुढं स्ट्राँगली लावलेलं असेल, ‘स्ट्राँगली एन्करेज्ड’, तर मग दुसरं काम बाजूला ठेवून जायचं, तिथं नम्र भाषेत जवळजवळ हुकूमच असतोय. हा नम्रपणा समजला नाही तर चांगला काम करणारा पोरगा पण बेपर्वा ठरतो.

पायरी ७: शब्दाची भावंडं

एन्करेजमेंट हे नाम. ह्यात जीच्या पुढचा ई राहतो, एन्करेजिंगमध्ये जातो, स्पेलिंग लिहिताना बघा. एन्करेजमेंट मोजत नाहीत, म्हणून ‘मेनी एन्करेजमेंट्स’ नको, ‘अ लॉट ऑफ एन्करेजमेंट’ म्हणा. थँक यू फॉर युवर एन्करेजमेंट हे वाक्य सरांना निरोप देताना, पत्र लिहिताना, कुठंही शोभतं.

एन्करेजिंग आणि एन्करेज्ड ही दोन विशेषणं, आणि ह्यांची अदलाबदल फार होते. जी गोष्ट धीर देते ती एन्करेजिंग, ज्याला धीर आला तो एन्करेज्ड. द रिझल्ट वॉज एन्करेजिंग. आय फेल्ट एन्करेज्ड. निकालाला कसला धीर येणार, म्हणून ‘द रिझल्ट वॉज एन्करेज्ड’ कधीच होत नाही. बोअरिंग आणि बोअर्डचं पण हेच, इंटरेस्टिंग आणि इंटरेस्टेडचं पण हेच.

उलटा शब्द डिस्करेज. ई-एनच्या जागी डी-आय-एस. अर्थ दोन, नाउमेद करणं आणि एखाद्या गोष्टीपासून मागं खेचणं. इथं साचा बदलतो आणि भले भले अडखळतात. एन्करेजला टू लागतो, डिस्करेजला फ्रॉम लागतो आणि पुढं आयएनजी. माय फ्रेंड्स डिस्करेज्ड मी फ्रॉम लीव्हिंग कॉलेज. निपाणी भागात तंबाखूचं पीक मोठं, तिथल्या एखाद्याला हे उदाहरण लवकर पटेल, द वॉर्निंग ऑन द पॅकेट डिस्करेजेस पीपल फ्रॉम स्मोकिंग. ‘डिस्करेज्ड मी टू लीव्ह’ असं म्हणू नका. आणि नुसतं मन खचलं असेल तर आय फेल्ट डिस्करेज्ड, एवढं बास.

पायरी ८: शेजारचे शब्द, कुस्तीच्या मैदानावर

मैदानाभोवती बसलेली माणसं पैलवानाला जे करतात ते सगळं एन्करेजच, पण इंग्रजीत त्याला बारीक बारीक वेगळे शब्द आहेत. आनंदवाडीच्या आखाड्यात कुस्ती लागली आहे असं समजा. लोक ओरडतात, शाब्बास रे पठ्ठ्या, सोडू नको, टाळ्या, शिट्ट्या. हे चीअर ऑन. द क्राउड चीअर्ड हिम ऑन. ऑनच्या जागी अप घातलं तर अर्थ बदलतो, चीअर अप म्हणजे उदास बसलेल्याचं मन हलकं करणं, कुस्ती हरून कोपऱ्यात बसलेल्याला मित्र जाऊन चीअर अप करतात.

तुम्ही ओरडत नाही, पण मनातून येळ्ळूरच्या पैलवानानं जिंकावं असं वाटतंय, ते रूट फॉर. आय वॉज रूटिंग फॉर हिम. वस्ताद महिनोन् महिने पहाटे उठवतात, खुराक बघतात, चुका सांगतात, ते ट्रेन पण करतात आणि एन्करेज पण. लहान पोरगं मोठ्या पैलवानाची कुस्ती बघून घरी जाऊन जोर मारायला लागतं, तिथं पैलवानानं त्याला काही सांगितलंच नाही, तरी त्याच्यात काहीतरी पेटलं, ते इन्स्पायर. आणि मोटिव्हेट म्हणजे करण्यामागं कारण देणं, ते कारण बक्षीस असेल, नोकरी असेल, मराठा लाइट इन्फंट्रीत भरती व्हायचं स्वप्न असेल. आपल्याकडं सगळ्याला मोटिव्हेट म्हणायची सवय लागली आहे, मोटिव्हेशनल भाषणं ऐकून. पण आजारी मैत्रिणीजवळ बसून होशील बरी म्हणून तिला धीर दिला तर ते मोटिव्हेट होत नाही, एन्करेजच होतं.

राहिला एग ऑन. मैदानाबाहेर दोन पोरांची बाचाबाची झाली आणि चार जण मागून ‘हाण की, घाबरतोस काय’ म्हणून पेटवायला लागले, त्याला एग ऑन. हिज फ्रेंड्स एग्ड हिम ऑन. ह्यातल्या एगचा अंड्याशी काही संबंध नाही, हा जुन्या नॉर्स भाषेतला चिथावणं ह्या अर्थाचा शब्द इंग्रजीत आलाय आणि तो एज, म्हणजे धार, ह्या शब्दाच्या कुळातला आहे. बहुतेक वेळा वाईट, वेड्या धाडसाच्या कामालाच वापरतात, म्हणून ‘माय मदर एग्ड मी ऑन टू स्टडी’ म्हणू नका, आईला चिथावणीखोर करून टाकाल.

पायरी ९: खरोखर धीर देताना काय म्हणायचं

एक गोष्ट राहिली, ती पुस्तकात सापडत नाही. मित्र स्टेजवर जाताना घाबरलाय आणि तुम्ही त्याला म्हणालात ‘आय एन्करेज यू’, तर ते भाषणासारखं वाटतं. मराठीत तरी आपण ‘मी तुला प्रोत्साहन देतो’ असं कुठं म्हणतो? आपण म्हणतो जा की रे, हुतंय सगळं, काळजी करू नको. इंग्रजीत पण तसंच, एन्करेज हा शब्द नंतर सांगताना येतो, प्रत्यक्ष धीर देताना दुसरी छोटी वाक्यं येतात. सुरू करायच्या आधी, गो फॉर इट, यू कॅन डू इट. चालू असताना, कीप गोइंग, यू आर डूइंग वेल. अवघड काळ आहे, आजारपण, नापास, नोकरी गेली, तिथं हँग इन देअर. चुकलं, पण प्रयत्न चांगला केला, तर गुड ट्राय. जमलं की वेल डन. मेलमध्ये मात्र ‘आय एन्करेज यू टू अप्लाय’ व्यवस्थित चालतं, मोठ्या माणसानं लहानाला, सरांनी विद्यार्थ्याला. तुम्ही तुमच्या मॅनेजरला असं लिहू नका, वरच्याला लिहिताना ‘आय वुड लाइक टू सजेस्ट’ बरं.

आता इंटरव्ह्यूचं उत्तर जोडून बघा. आय स्टडीड इन मराठी मीडियम. आय वॉज शाय अबाउट स्पीकिंग इंग्लिश, बट माय टीचर एन्करेज्ड मी टू टेक पार्ट इन डिबेट्स. आय टूक पार्ट, अँड आय बिकेम मोअर कॉन्फिडन्ट. बघा, तिसरं वाक्य मुद्दाम वेगळं ठेवलंय, कारण नुसत्या एन्करेज्डमधून तुम्ही केलं का नाही ते समोरच्याला कळत नाही, तुम्ही काय केलं हे तुम्हीच सांगायचं असतं. मराठी मीडियम हे शब्द खाली बघून पुटपुटू नका, स्पष्ट म्हणा. डिबेट केली नसेल तर डिबेट म्हणू नका, जे खरं आहे ते घाला. कुणाला आजीनं हट्टानं शाळेत घातलं असेल, कुणाला मोठ्या बहिणीनं स्वतः मशिनवर बसून शिकवलं असेल.

घरी करायचं काम एवढंच. वहीत तुमच्या आयुष्यातली खरी माणसं घ्या आणि प्रत्येकावर एक वाक्य लिहा, कुणी, एन्करेज्ड, कुणाला, टू, काय करायला. खाली डिस्करेज्ड फ्रॉमचं एक, शेतातलं नाहीतर घरातलं माणूस नसलेलं एक, आणि थँक यू फॉर युवर एन्करेजमेंट हे एक. मग मोठ्यानं वाचा, ‘क’ वर जोर देऊन. लिहून झालं की शेवटचं वाक्य वहीत ठेवू नका, ज्या सरांसाठी नाहीतर मॅडमसाठी ते लिहिलंय त्यांना फोनवरून पाठवून द्या.